जेसीबीच्या वर्कशॉपमध्ये पर्यावरणाचं काम कसं उभं करायचं

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की आमच्या वर्कशॉपमागच्या नालीत रंगीत तवंग यायचा. त्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की कुणी तिकडे वळून बघायचं नाही. मी तेव्हा पार्ट्स काउंटरला होते. एके सकाळी मागच्या रानातले आजोबा गेटवर आले, पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, वास घेऊन बघ." मी झाकण उघडलं. दिवसभर जे हायड्रॉलिक ऑइल मी बिल करून देत होते, त्याचाच वास. ते त्यांच्या विहिरीचं पाणी होतं.

ती बाटली मी साहेबांच्या केबिनमध्ये नेली. त्यांनीही वास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, हे काम तुम्ही हातात घ्या. काय लागेल ते सांगा."

आमची डीलरशिप छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या बाजूला आहे. बॅकहो लोडर, ज्याला अख्खा महाराष्ट्र जेसीबीच म्हणतो, आणि एक्सकॅव्हेटर, ज्याला सगळे पोकलेन म्हणतात, या दोन्हींची विक्री आणि सर्व्हिस आम्ही करतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे विहिरी आणि शेततळी खोदणारे, क्रशरवाले, रस्त्याचे ठेकेदार. कंपनीच्या मेलमध्ये माझ्या कामाला 'सस्टेनॅबिलिटी' म्हणतात, वर्कशॉपमध्ये 'ताईचं काम' म्हणतात. आता दुसऱ्या जिल्ह्यांतल्या डीलरांकडची माणसं फोन करून विचारतात की सुरुवात कुठून करायची. बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी आधीच ठरलेल्या असतात: ५ जूनला झाडं लावायची आणि छतावर सोलर बसवायचं. दोन्ही करा, चांगलीच आहेत. पण यंत्रांच्या डीलरचं खरं देणं पाण्याचं, ऑइलचं आणि गिऱ्हाइकाच्या टाकीतल्या डिझेलचं असतं. म्हणून मी सांगते तो क्रम वेगळा आहे.

आधी पाणी कुठं जातं ते शोधा

एक बादली पाण्यात मूठभर गेरू कालवा. वर्कशॉपमधल्या एकेका जाळीत ती बादली ओता आणि लाल पाणी कुठं बाहेर पडतं ते बघत बाहेर फिरा. प्रत्येक जाळीसाठी नवी बादली. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की वॉशिंग रॅम्पचं पाणी, इंजिन रूमच्या फरशीचं पाणी आणि छताचं पावसाचं पाणी, तिन्ही एकाच पाइपात येऊन मागच्या नालीत पडतं. नकाशात तसं कुठंही नव्हतं. शेड बांधताना गवंड्याला जी वाट सोपी वाटली, ती त्याने काढली होती.

ही नाली पुढे ओढ्याला, ओढा खाम नदीला आणि खाम गोदावरीला मिळते. गोदावरीवर पैठणला जायकवाडी आहे आणि आमच्या शहराच्या नळाला येणारं पाणी तिथूनच येतं. मेकॅनिक मंडळींना एवढी वाट समजावून सांगितली, तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प बसून ऐकत होते. नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं असतं तर तसं झालं नसतं. तुमच्या गावची नदी कुठली, तिच्यावरचं धरण कुठलं, ते आधी शोधून ठेवा.

मग पहिलं बांधकाम करायचं ते छताचं पाणी वेगळं काढायचं. आमच्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो. १०,००० चौरस फुटांच्या शेडवर तो पडला आणि वीस टक्के वाया गेला असं धरलं, तरी जवळपास सव्वापाच लाख लिटर स्वच्छ पाणी मिळतं. ते तेलकट फरशीवरून वाहू दिलं तर तेवढंच घाण पाणी तयार होतं. पन्हळी बसवून ते सरळ टाकीत आणि बोअरच्या पुनर्भरणाला न्या. या कामाचा खर्च पत्र्याच्या पन्हळीचा आणि पाइपांचा. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच कामाने पडला नाही.

वॉशिंग रॅम्पकडे मात्र जास्त वेळ द्या. मशीन विहिरीवरून आली की तिच्यावर क्विंटलभर चिखल असतो. हेल्पर पोरगा प्रेशर गन घेऊन तो चिखल पाण्यानेच उडवत बसतो. आमचा नियम सोपा आहे: आधी खरडा, मग धुवा. खोरं आणि पत्र्याची पट्टी घेऊन सुका चिखल काढला की पाणी निम्म्यावर येतं. ग्रीस लागलेला चिखल वेगळ्या ड्रममध्ये टाकायचा, बाकी मातीत मिसळायचा नाही.

धुतलेलं पाणी तीन कप्प्यांच्या चेंबरमधून जाऊ द्या. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं आणि कप्प्यांच्या मधल्या पाइपाला खाली वाकलेलं कोपर असतं, त्यामुळे पुढे फक्त खालचं पाणी सरकतं. रचना साधी आहे आणि चांगली चालते, पण एका गोष्टीने तिचा पार निकाल लागतो. ती म्हणजे साबणाची पावडर. डिटर्जंट पडला की तेल पाण्यात दुधासारखं मिसळतं, वर येतच नाही, आणि चेंबरमधून सरळ नालीत जातं. आमचं चेंबर नवीन असताना सहा महिने तवंग थांबेना. ठेकेदाराला चार वेळा बोलावलं. शेवटी मी दोन तास रॅम्पजवळ उभी राहिले, तेव्हा दिसलं की पोरं चमक यावी म्हणून मुठी भरभरून पावडर टाकत होती. पावडर बंद केली, गरम पाण्याचा वॉशर आणला. पंधरा दिवसांत शेवटच्या कप्प्यातलं पाणी स्वच्छ दिसायला लागलं. तेच पाणी आम्ही आता गाळून पुन्हा पहिल्या धुण्याला वापरतो.

डिझेल ओतून पार्ट धुणं मात्र त्याच दिवशी बंद करा. त्यावर चर्चा ठेवू नका.

जळक्या ऑइलचा हिशोब

एका वहीत दोन रकाने आखा. डावीकडे आज किती नवं ऑइल भरलं, उजवीकडे किती जुनं निघालं. बॅकहो लोडरच्या इंजिनातून एका बदलीला बारा ते पंधरा लिटर ऑइल निघतं, हायड्रॉलिकमध्ये तर शंभरावर लिटर असतं. मी पार्ट्सची माणूस, डावा रकाना मला तोंडपाठ होता. पहिल्या महिन्याअखेर उजवा रकाना डाव्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. इंजिन थोडं ऑइल खातं, थोडं फिल्टरात राहतं, पण निम्मं? बाकीचं गेलं कुठं?

ते गेलं होतं साइटवर. आमची निम्म्याहून जास्त सर्व्हिसिंग व्हॅनमधून, गिऱ्हाइकाच्या रानात किंवा क्रशरवर होते. मेकॅनिक जुनं ऑइल तिथंच ठेवून येत होता, कारण गिऱ्हाईक मागत होतं. जळकं ऑइल खेड्यात कुणी फुकट सोडत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, बैलगाडीच्या कण्याला घालतात. उरलेलं भंगारवाला नेतो. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि ज्वलनाची काजळी असते, ते हाताला लागतं, मातीत उतरतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग आम्ही ठरवलं की नवं ऑइल ज्या वीस लिटरच्या बादलीत येतं, तिच्यातच जुनं भरून परत आणायचं. कागदावर हे फार छान दिसलं. पहिल्याच आठवड्यात पैठण रोडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ते चिडले होते. "ताई, ऑइल न्या तुमचं, पण बादली आमची आहे. त्या बादलीवर घरात चार जणांची नजर असते." त्यांचं खरं होतं. ऑइलची बादली म्हणजे खेड्यात आंघोळीला, धान्याला, जनावरांच्या पाण्याला दहा वर्षं पुरणारी वस्तू. मी त्यांना एवढंच म्हटलं की दादा, धुवून घ्या आणि खाण्यापिण्याला वापरू नका. व्हॅनमध्ये मग आमचेच झाकणाचे, लाल पट्टा मारलेले ड्रम ठेवले. संध्याकाळी व्हॅन आली की ड्रम काट्यावर ठेवायचे, वजन वहीत लिहायचं. जो मेकॅनिक ड्रम भरून आणतो त्याला महिन्याच्या पगारात त्याचं वेगळं मिळतं. उजवा रकाना तेव्हा भरायला लागला.

ऑइल गोळा झालं की ते कसं ठेवायचं हे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट आहे. जळकं ऑइल त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकावर येतं, तेलकट चिंध्या आणि पुसायचं बनियन वेस्ट ३३.२ वर, ऑइलचे रिकामे डबे ३३.१ वर. यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. ९० दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही, म्हणून बॅरलमध्ये पहिला लिटर पडतो त्याच दिवशी बॅरलवर तारीख लिहा. लेबल पिवळं असतं, त्यावर घातक कचरा आणि काळजीपूर्वक हाताळा हे शब्द लाल अक्षरांत, मराठीतही. वहीचा नमुना फॉर्म ३, पाठवताना गाडीबरोबर फॉर्म १० आणि वर्षाचा हिशोब फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. एवढे तीन कागद ज्याला सांभाळता आले त्याला बाकीचं अवघड जात नाही.

बॅरल जिथं ठेवाल तिथं छप्पर हवं आणि चारी बाजूंनी बुटकी भिंत हवी. सर्वांत मोठं भांडं फुटलं तर त्यातलं सगळं आत मावून थोडी जागा उरेल, इतकी ती उंच ठेवा. आमच्या पहिल्या भिंतीला मिस्त्रींनी पाणी निघायला म्हणून तळाशी भोक ठेवलं होतं. तुमच्या भिंतीला तसं भोक आहे का, ते वाकून बघा.

ऑइल द्यायचं ते मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यालाच. भंगारवाला लिटरमागे जास्त देतो आणि रोख देतो, हे तुमचे मालक तुम्हाला सांगतील. आमच्याकडेही सांगितलं गेलं. त्यावर मी एवढंच विचारलं की त्याने नेलेलं ऑइल उद्या कुणाच्या विहिरीत सापडलं, तर बाटली कुणाच्या टेबलावर येईल? चिंध्या, गाळ आणि तेलकट माती आमच्या भागातून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जाते. विदर्भातल्या डीलरांना बुटीबोरी जवळ पडतं, कोकणातल्यांना तळोजा.

जुन्या ऑइलच्या बॅरलमध्ये दुसरं काही पडू देऊ नका. कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पाणी मिसळलं की कारखाना ते परत पाठवतो. कूलंटबद्दल तर जास्तच सांभाळा. त्यात ग्लायकॉल असतं, चवीला गोड असतं आणि कुत्री, वासरं ते चाटतात. थोडंही पोटात गेलं तरी जनावराचे मूत्रपिंड निकामी होतात. आमच्या गेटवरच्या कुत्रीचं एक पिल्लू असंच गेलं. तेव्हापासून रेडिएटर रिकामा करताना खाली पसरट पातेलं ठेवून ड्रेन करणं बंद आहे. पाइप लावून सरळ झाकणाच्या कॅनमध्ये.

फिल्टर काढल्यावर गरम असतानाच भोक पाडून रात्रभर उलटा टांगून ठेवा. सकाळी खालच्या ट्रेमध्ये किती ऑइल जमतं ते बघून नव्या पोरांना आश्चर्य वाटतं. बॅटऱ्यांचं सोपं आहे. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा नवी देताना जुनी घ्या आणि तीच साखळी धरून परत पाठवा. ॲसिड ओतून वजन कमी करणाऱ्याला बॅटरी देऊ नका.

थेंब मोजा

गळती सगळ्यांना दिसते, मोजत कुणी नाही. मी मेकॅनिकना एकदा कागदावर मांडून दाखवलं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर आठ तासांत २८,८०० थेंब, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३६ लिटर. वर्षाला दोन बॅरल भरून वर उरतं. "एवढंसं तर गळतंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच गणित त्याच्याच मोबाइलवर करायला लावा. नवी होज, म्हणजे ऑइलचा रबरी पाइप, आणि सील किट त्यापुढे काहीच नाही.

आम्ही प्रत्येक सर्व्हिसिंगला होजवरून हात फिरवतो, अर्थात मशीन बंद करून, प्रेशर सोडून. चिरा, फुगे, क्लॅम्पजवळची घासण. फुटायच्या आधी बदललेली होज गिऱ्हाइकाला महाग वाटते. पण ती रानात फुटली की टाकीतलं निम्मं ऑइल काळ्या मातीत जातं आणि मशीन दोन दिवस उभी राहते.

दुसरी सवय ऑइलच्या नमुन्याची. शंभर मिलिलिटर ऑइल प्रयोगशाळेत पाठवलं की त्यातलं लोखंड, तांबं, सिलिकॉन किती ते कळतं. सिलिकॉन वाढला म्हणजे धूळ आत जाते आहे, एअर फिल्टर किंवा सील बघा. तांबं वाढलं म्हणजे बुश किंवा बेअरिंग झिजतं आहे. नमुना चांगला आला तर हायड्रॉलिक ऑइल ठरलेल्या तासांना डोळे झाकून फेकावं लागत नाही. कंपनीच्या पुस्तकाची मर्यादा पाळून ते पुढे नेता येतं. शंभरावर लिटर ऑइल एकदा वाचलं की नमुन्यांचे कितीतरी वर्षांचे पैसे निघतात.

जुना पार्ट फेकायच्या आधी

इथं माझी पार्ट्स काउंटरची दहा वर्षं कामाला आली. काउंटरवर माणूस येतो आणि म्हणतो, "सिलिंडर द्या." म्हणजे बकेट हलवणारा हायड्रॉलिक सिलिंडर. तेव्हा विचारायचं, त्याच्या रॉडवर चरे आहेत का, की फक्त सील गेलंय? दहांतल्या बहुतेकांचं फक्त सील गेलेलं असतं. रॉड वाकला नसेल तर क्रोमिंग करून, सील किट बदलून तोच सिलिंडर पुन्हा उभा राहतो. स्टार्टर, अल्टरनेटर, टर्बो, हायड्रॉलिक पंप, सगळ्यांचं तसंच. किलोंनी लोखंड वितळवून नवा पार्ट करण्यापेक्षा आहे तो दुरुस्त करण्यात कोळसाही वाचतो आणि गिऱ्हाइकाचे पैसेही. यंत्र कंपन्यांना हे जुनंच ठाऊक आहे. कॅटरपिलरने जुने पार्ट परत घेऊन नव्यासारखे करून विकण्याचं काम १९७३ मध्येच सुरू केलं होतं.

मालकांची शंका असते की मग विक्री कमी होईल. काउंटरवर एक फळी 'परत आलेले पार्ट' म्हणून राखा, जुना पार्ट देणाऱ्याला बिलात सूट द्या, दुरुस्त केलेल्या पार्टवर स्वतःची लेखी वॉरंटी द्या. जो शेतकरी नव्या पार्टच्या किमतीला घाबरून बाहेर रस्त्याकडेला नकली माल घ्यायचा, तो आमच्याकडे यायला लागला. आमच्या फळीवर आज सकाळी सतरा पार्ट होते.

लाकडी खोक्यांची पॅलेटं करा, खोके शाखांना माल पाठवायला पुन्हा वापरा. यात सांगण्यासारखं फारसं काही नाही, करायचं आहे.

गिऱ्हाइकाची उभी मशीन

आतापर्यंतचं सगळं आपल्या कुंपणाच्या आतलं झालं. पण आपण विकलेल्या मशिनी बाहेर जेवढं डिझेल जाळतात, त्यापुढे आपलं वर्कशॉप काहीच नाही. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि त्या डिझेलचा बराच भाग मशीन काम करत नसताना, नुसती धडधडत उभी असताना जळतो.

हे तुम्हाला ऑफिसात बसून दिसतं. जेसीबीचं लाइव्हलिंक, कोमात्सूचं कोमट्रॅक्स, अशा प्रत्येक कंपनीच्या यंत्रणा मशीनचे कामाचे तास आणि उभे तास वेगळे दाखवतात. बहुतेक डीलर त्याचा उपयोग फक्त सर्व्हिसिंगची तारीख बघायला करतात. तुम्ही दर सोमवारी उभ्या तासांची यादी काढा आणि वरच्या पाच गिऱ्हाइकांना फोन करा.

फोनवर पर्यावरणाचं नाव काढू नका. हा हिशोब सांगा: उभी मशीन तासाला साधारण दीड लिटर खाते. रोज दोन तास कमी झाले तर तीन लिटर, महिन्याला पंच्याहत्तर लिटर. नव्वदच्या भावाने पावणेसात हजार रुपये. वर आणखी एक गोष्ट आहे, ती मालकांना जास्त लागते. मशीन उभी असली तरी तासांचं मीटर पळतं. आठांतले दोन तास उभे गेले, तर ५०० तासांतले १२५ उभे. म्हणजे दर चार सर्व्हिसिंगमधली एक सर्व्हिसिंग न केलेल्या कामाची. विकताना गिऱ्हाईक मीटरच बघतं.

आता ऑपरेटरची बाजू. हा भाग मी आधी चुकले होते. मी मालकांना फोन करायची, मालक ऑपरेटरवर ओरडायचे, आठ दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. एका मे महिन्यात जालना रोडच्या एका क्रशरवर गेले. दुपारचा एक वाजलेला. ऑपरेटर केबिनमध्ये एसी लावून डबा खात होता, इंजिन चालू. मी विचारलं, जेवताना तरी बंद का नाही करत? त्याने काचेतून बाहेर हात केला. "बाहेर सावली कुठंय, ताई?" मी बघितलं. चहूकडे खडी, पांढरी धूळ, आणि नजर जाईल तिथवर एक झाड नाही. त्या उन्हात त्या पोराला इंजिन बंद कर म्हणायचा मला काय अधिकार होता?

परत आल्यावर साहेबांशी बोलले. नवी मशीन देताना आम्ही पूजा करतो, नारळ, हार, पेढे, फोटो. आता त्याबरोबर एक हिरवी शेडनेट, चार घडीचे पाइप, एक बसायची चटई आणि पाण्याचा जार देतो. दहा मिनिटांत उभी राहते, दहा मिनिटांत गुंडाळते. ज्या साइटवर ती जाते, तिथले दुपारचे उभे तास उतरलेले मला सोमवारच्या यादीत दिसतात. त्याच क्रशरवर गेल्या उन्हाळ्यात गेले, तेव्हा नेटखाली तिघं जेवत होते आणि मशीन थंड उभी होती.

ऑपरेटर एक तांत्रिक कारणही सांगतात आणि ते खोटं नाही. टर्बो असलेलं इंजिन भर लोडवरून एकदम बंद करायचं नसतं, टर्बो थंड व्हायला दोन-तीन मिनिटं आयडलवर द्यावी लागतात. तेवढी द्यायचीच. दोन-तीन मिनिटांचा पाऊण तास झाला की बोलायचं. आमचे सर्व्हिस इंजिनिअर डिलिव्हरीच्या दिवशी ऑपरेटरबरोबर अर्धा दिवस बसतात: बकेट किती भरायची, डंपर कुठल्या बाजूला उभा करायचा म्हणजे कमी फिरावं लागेल, कुठल्या कामाला कुठला मोड, टायरमध्ये हवा किती. डंपर नीट उभा केला तरी डिझेल वाचतं. हे शिकवताना ऑपरेटरला खुर्ची आणि चहा द्या, त्याच्या मालकासमोर त्याची चूक काढू नका.

वीज आणि सोलर

वीज वाचवायची सुरुवात कंप्रेसरपासून. संध्याकाळी सगळे गेल्यावर शेडमध्ये एकट्याने उभं राहा आणि कान द्या. सूऽऽ असा आवाज येतो तिथं तुमचे पैसे चाललेत. साबणाचं पाणी लावून गळकी जोडणी शोधा. मग प्रेशर गरजेपुरतं उतरवा. दर एक बार कमी केला की कंप्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. छतावर चार पारदर्शक पत्रे टाकले की दिवसा दिवे लागत नाहीत.

हे झाल्यावर सोलर. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. दहा किलोवॉट लावले तर महिन्याला बाराशे युनिटं. आपल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ८४० किलो वाचला. तेच वरच्या हिशोबाने चार मशिनींचे रोजचे दोन उभे तास कमी केले, तर ८०४ किलो. चार मशिनी! आमच्या एका शाखेकडे शेकड्यांनी मशिनी आहेत. म्हणून सोमवारचा फोन मी कधी चुकवत नाही.

अहवाल मागायला येतील तेव्हा

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केला. तुमची यंत्र कंपनी किंवा तुमचे मोठे ठेकेदार त्यात असतील, तर आज ना उद्या तुमच्याकडे आकडे मागतील. त्यासाठी कुणाला पैसे देऊन जाड पुस्तक करून घेऊ नका. व्हॅनचं डिझेल, वर्कशॉपची वीज, पाण्याचे टँकर, दोन रकान्यांची ऑइलची वही, चिंध्यांचं वजन आणि सोमवारची यादी, एवढं दर महिन्याला एका पानावर लिहिलं असेल तर अहवाल एका दुपारी होतो. ज्या महिन्यात आकडा वाईट आला, त्या महिन्याचाही तसाच लिहा. आमच्या वहीत गेल्या वर्षीच्या ऑगस्टला पाण्याचा आकडा दुप्पट आहे, कारण टाकीचा फ्लोट अडकला होता आणि नऊ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. समोर शेऱ्यात तसंच लिहिलंय.

मृगाच्या आत

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अर्धा दिवस वर्कशॉप बंद ठेवतो. तीन कप्प्यांचं चेंबर उपसून गाळ ड्रममध्ये भरतो. बॅरलच्या खोलीचं छप्पर आणि भिंत बघतो. पन्हळीतली पानं, कावळ्याची घरटी काढतो. भुसा आणि वाळूच्या बादल्या चार कोपऱ्यांत भरून ठेवतो, कुणी ऑइल सांडलं तर पाणी न मारता त्यावर टाकायला. उघड्यावर एकही जुना फिल्टर, एकही रिकामा डबा उरला नाही ना, हे बघायला मी स्वतः अख्ख्या आवाराला फेरी मारते. गेरूची बादली पुन्हा एकदा प्रत्येक जाळीत ओततो, कारण वर्षभरात कुणीतरी कुठंतरी नवा पाइप जोडलेला असतोच.

पहिला पाऊस पडला की मी छत्री घेऊन मागच्या नालीपाशी जाते आणि वाहत्या पाण्याची एक बाटली भरते. मागच्या रानातल्या आजोबांच्या घरी ती नेऊन देते. ते झाकण काढतात, वास घेतात आणि उरलेलं पाणी तुळशीला घालतात.